मृत मासा आणि समतोलाची कल्पना : घरगुती सागरी मत्स्यालयाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

घरातील प्रवाळ-मत्स्यालयात एखादा मासा एका सकाळी दिसेनासा होतो. दिवे लागतात, खाद्य टाकले जाते, बाकीचे मासे वर येतात. एक मात्र येत नाही. तो पृष्ठभागावर तरंगत नाही, उडी मारून पेटीबाहेर जमिनीवरही पडलेला नाही. खडकांच्या रचनेत कोठेतरी तो मरून पडला असावा, एवढेच अनुमान करता येते. अशा वेळी पेटीच्या मालकाला परस्परविरुद्ध असे दोन सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा की, खडक उचलावे लागले तरी चालतील, परंतु मृत मासा ताबडतोब बाहेर काढावा. अन्यथा सर्व पाणी नासेल. दुसरा असा की, खडकांना हात लावू नये. पेटीतील किडे, खेकडे व गोगलगायी एका रात्रीत त्याचा फडशा पाडतील. दोन्ही सल्ले अनुभवी माणसांकडून येतात आणि दोन्हींमागे अनुभवाचा आधार असतो.

हे दोन सल्ले केवळ दोन व्यक्तींच्या मतांमधील फरक नसून ते दोन निरनिराळ्या कालखंडांत आणि दोन निरनिराळ्या प्रकारच्या मत्स्यालयांत जन्मले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मत्स्यालयाचा इतिहास सामान्यतः जिवंत प्राण्यांच्या दर्शनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. काचेची पेटी, रंगीत मासे, थक्क झालेले प्रेक्षक, हे त्याचे परिचित चित्र आहे. परंतु पेटीतील मृत्यूकडे पाहिल्यास हाच इतिहास वेगळा दिसू लागतो. ज्या ‘समतोला’च्या कल्पनेवर घरगुती मत्स्यालयाची उभारणी झाली, त्या कल्पनेत मृत शरीराला प्रारंभी जागाच नव्हती. ती जागा कशी निर्माण झाली, याचा मागोवा येथे घेतला आहे.

खिडकीतील दासी आणि औषधशाळेतील गोगलगाय

समुद्रातील प्राणी काचेच्या पेटीत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचे श्रेय प्रथम झां व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीकडे जाते. १८३२ पासून तिने सिसिलीतील मेसिना येथे आर्गोनॉट या अष्टपाद प्राण्याचे निरीक्षण अशा पेट्यांमधून केले. मात्र मेसिना हे समुद्रकाठचे गाव होते. ताजे पाणी हाताशी होते. समुद्रापासून दूर, शहरातील घरात सागरी जीव जगविण्याचा प्रश्न त्याहून कठीण होता. या प्रश्नाला प्रथम भिडणाऱ्यांमध्ये ॲना थिन यांचे नाव घ्यावे लागते. वेस्टमिन्स्टर येथील एका धर्माधिकाऱ्याच्या या पत्नीने १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजाला टाचून घेतले होते. लंडनमध्ये पाणी ताजे राहावे म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धारेने ओतले जाई. हे काम दररोज अर्धा ते पाऊण तास चाले आणि ते बहुधा घरातील दासीकडे असे. पुढे १८४७ मध्ये थिन यांनी समुद्रशैवाल मागवून पाण्यात ठेवले. घरगुती प्रवाळ-पेटीचा पहिला ‘पंप’ म्हणजे एका नोकर स्त्रीचे दोन हात होते, ही गोष्ट या विषयावरील पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते. वास्तविक पाहता सागरी पेटीतील कुजण्याच्या प्रश्नाला दिलेले ते पहिले व्यावहारिक उत्तर होते.

याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हे लंडनच्या अपॉथिकरीज हॉल या औषधशाळेत कामाला होते. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५४ लिटर पाण्याच्या भांड्यात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासा श्वसनाने कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू परत देते; म्हणजे दोघांच्या गरजा एकमेकांकडून भागतात, हा त्यांच्या प्रयोगाचा पाया होता. काही काळ सर्व ठीक चालले. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर शेवाळी थर धरला आणि पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी तेव्हा तळ्यातील गोगलगायी भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पाने व शेवाळ खाऊन टाकले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या या निरीक्षणातून ‘संतुलित मत्स्यालय’ ही कल्पना रूढ झाली.

या प्रयोगातील खरा नायक मासा नव्हे, वनस्पतीही नव्हे, तर गोगलगाय होय, असे म्हणण्यास हरकत नाही. मासा आणि वनस्पती यांचा हिशेब कागदावर बरोबर जुळत होता. प्रत्यक्षात मात्र तिसऱ्या घटकाविना तो कोसळत होता. तिसरा घटक म्हणजे मेलेले खाणारा. तथापि वॉरिंग्टन यांच्या हिशेबात मेलेली गोष्ट म्हणजे मेलेले पान होते. दोनपैकी एक सोनमासाच मेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या समीकरणात बसत नव्हता. पानात नत्र थोडे असते, माशाच्या शरीरात पुष्कळ. वायूंचा हिशेब मांडणाऱ्या या समतोलात नत्राचे खातेच उघडलेले नव्हते.

छंदाची लाट आणि तिचा वास

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ खुले झाले. पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तोच शब्द पुढे जगभर रूढ झाला. काचेवरील कर ब्रिटनमध्ये १८४५ मध्ये रद्द झाला होता. रेल्वेमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे किनाऱ्यावर सुटीसाठी जाऊ लागली होती. समुद्रफुले, खेकडे, खडकाळ किनाऱ्यावरील लहान मासे बरणीत भरून घरी आणण्याची लाटच उसळली. १८५६ मध्ये शर्ली हिबर्ड यांनी घराच्या सजावटीवर लिहिलेल्या पुस्तकात मत्स्यालयाला दिवाणखान्यात मानाचे स्थान दिले. समुद्राचे पाणी लंडनपर्यंत आणणे महाग पडे. म्हणून गॉस यांनी १८५४ मध्ये मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली.

यानंतर घराघरांत जे घडले त्याचे वर्णन उत्साही पुस्तकांपेक्षा त्यांतील इशाऱ्यांतूनच अधिक कळते. मेलेला प्राणी दिसताच काढावा, एक मृतदेह संपूर्ण पेटी बिघडवितो, संशयित शिंपला वा समुद्रफूल हुंगून पाहावे, अशा सूचना त्या काळच्या मार्गदर्शिकांत वारंवार येतात. पेटी लहान, पाण्याला हालचाल नाही, खिडकीत ठेवल्यामुळे उन्हात पाणी तापणारे, आणि प्राण्यांची गर्दी! अशा पेटीत रात्री एखादा मासा मेला तर सकाळपर्यंत पाणी दुधाळ होई आणि दुपारपर्यंत बाकीचे प्राणी त्याच वाटेने जात. ‘ताबडतोब काढा’ हा पहिला सल्ला येथे, या भांड्यांत जन्मला. त्या परिस्थितीत तो शंभर टक्के बरोबर होता.

परंतु काढून टाकणे एवढ्यावर प्रश्न संपत नव्हता. मेलेल्याच्या जागी नवा प्राणी आणला जाई. १८६८ मध्ये जे. जी. वूड यांनी लिहिले तेव्हा मत्स्यालयाचे वेड ओसरल्याची नोंद त्यांना करावी लागली. १९०७ मध्ये एडमंड गॉस यांनी वडिलांविषयीच्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथात, किनाऱ्यावरील खडकांमधली नैसर्गिक डबकी संग्राहकांनी कशी उजाड केली, याबद्दल खेद व्यक्त केला. ज्याच्या पुस्तकांनी ही लाट आणली त्याच्याच मुलाने हे लिहावे, यात या छंदाच्या पहिल्या पर्वाचा सारा ताळेबंद आला. दिवाणखान्यातील पेटीत मेलेला प्रत्येक प्राणी किनाऱ्यावरील एका रिकाम्या जागेशी जोडलेला होता.

अंधारातील पाणी

घरगुती छंद ओसरत असताना सार्वजनिक मत्स्यालये मात्र वाढत होती. विल्यम आल्फर्ड लॉइड या स्वयंशिक्षित तज्ज्ञाने लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचे दुकान चालविले, नंतर हॅम्बर्ग (१८६४) आणि लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मोठ्या मत्स्यालयांची आखणी केली. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी जमिनीखालील थंड, काळोख्या हौदात साठवावे आणि यंत्राच्या साहाय्याने ते अहोरात्र फिरते ठेवावे, हे लॉइड यांचे तत्त्व होते. पाणी बदलावे लागत नाही, हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. फिरत्या पाण्यातील घाण हवेच्या संयोगाने नाहीशी होते, असे स्पष्टीकरण दिले जाई.

स्पष्टीकरण अपुरे होते, पण पद्धत यशस्वी होती. लॉइड यांच्या व्यवस्थेत सूर्यप्रकाश आणि वनस्पती यांना दुय्यम स्थान होते. वॉरिंग्टन यांच्या मूळ समीकरणाला येथे जवळजवळ फाटा दिला होता. मग काळोख्या हौदात घाण कोण नाहीशी करीत होते? या प्रश्नाचे उत्तर मत्स्यालयात मिळाले नाही. ते सांडपाण्यात आणि शेतात मिळाले.

पित्याचे समीकरण, पुत्राची दुरुस्ती

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. पहिले सुमारे २० दिवस पाण्यातील अमोनिया तसाच बाहेर येत राहिला. त्यानंतर त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. पुन्हा थोडी माती मिसळलेले पाणी घातल्यावर काही काळाने सुरू झाली. म्हणजे हे काम हवेचे नव्हते, जिवंत सूक्ष्मजीवांचे होते. नवी पेटी मांडल्यावर काही आठवडे मासे सोडू नयेत, हा नियम आज प्रत्येक छंदिष्ट पाळतो. त्याचे मूळ या २० दिवसांत आहे.

या शोधाचा पाठपुरावा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात ज्याने केला त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) असेच होते. तो संतुलित मत्स्यालयाच्या जनकाचा पुत्र होता. वडिलांच्या प्रयोगशाळेतच त्याने रसायनशास्त्राचे पहिले धडे घेतले होते. जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट होणे ही दोन टप्प्यांत घडणारी क्रिया आहे. आधी नायट्राइट, मग नायट्रेट. आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे आहेत, असे त्याने १८७८ ते १८९१ या काळातील आपल्या निबंधांतून दाखविले. ते जीव वेगळे काढण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते काम १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी केले. पित्याने पेटीचा हिशेब मांडताना जे खाते वगळले होते, तेच पुत्राने शेतात उघडले. परंतु पुत्राच्या डोळ्यांपुढे गहू होता, सोनमासा नव्हता. आणि मत्स्यालयाच्या छंदात हे ज्ञान सर्वसामान्यपणे रुजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. स्टीफन स्पॉट यांच्या १९७० मधील पुस्तकासारख्या लेखनामुळे पाण्याच्या रसायनाचा विचार मत्स्यपालकांच्या नित्य व्यवहारात आला.

येथे एक साधा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. घरगुती पेटीतील एक लहान मासा १० ग्रॅम वजनाचा धरू. त्याच्या शरीरात सुमारे १५ टक्के, म्हणजे १.५ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे त्या माशात साधारणपणे ०.२४ ग्रॅम नत्र साठलेले असते. २०० लिटरच्या पेटीत हे सर्व नत्र एकाच वेळी अमोनियाच्या रूपाने सुटले तर दर लिटरला १.२ मिलिग्रॅम इतके प्रमाण होईल. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ असतो, त्या सामूला अमोनियाचा विषारी अंश, सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत, सुमारे दहा पट असतो. त्यामुळे हे प्रमाण नाजूक जीवांना घातक ठरू शकते. तेच नत्र जीवाणूंनी नायट्रेटमध्ये बदलले तर दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम इतकीच भर पडते, आणि ती बहुतेक पेट्या सहज सोसतात. १,००० लिटरच्या पेटीत दोन्ही आकडे एकपंचमांश होतात. उलट, मासा १०० ग्रॅमचा असेल तर दहा पट होतात. ‘काढावा की राहू द्यावा’ या वादाचे बरेचसे उत्तर या तीन राशींत आहे: माशाचे वजन, पाण्याचे आकारमान आणि पेटीत आधीपासून नांदणाऱ्या जीवाणूंची क्षमता. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. प्रत्यक्षात मेलेला मासा एका क्षणात विरघळत नाही, आणि त्याचा मोठा भाग इतर प्राण्यांच्या शरीरात जातो.

हे जीवाणू कोणते, याविषयीची माहितीही अलीकडे बदलली आहे. नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पुस्तकांत अनेक दशके लिहिले जात होते. १९९० च्या दशकातील संशोधनाने मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो असे दाखविले. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा नायट्रोसोप्युमिलस हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा काढण्यात आला. तो मिळाला अमेरिकेतील सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या एका सागरी टाकीत. शेतात सुरू झालेला शोध असा पुन्हा मत्स्यालयात परतला.

जिवंत खडक

विसाव्या शतकाच्या मध्यावर सागरी पेटी ठेवणाऱ्यांचा कल निर्जंतुकतेकडे होता. पेटीत शोभेसाठी प्रवाळाचे सांगाडे ठेवीत आणि शेवाळ धरले की ते काढून ब्लीचमध्ये पांढरेशुभ्र करीत. रोगावर तांब्याचा क्षार पाण्यात टाकीत. त्याने परजीवी मरत, तसेच सर्व अपृष्ठवंशी प्राणीही मरत. अशा पेटीत मेलेला मासा लपत नसे, आणि त्याला खाणारेही कोणी नसे. व्हिक्टोरियन काळातील ‘ताबडतोब काढा’ हा नियम येथे विनातक्रार पुढे चालू राहिला.

या प्रवाहाला छेद जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी दिला. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली ‘निसर्गाची पद्धत’ प्रसिद्ध केली. समुद्रातून काढलेले खडक, त्यांवरील स्पंज, किडे, शैवाल यांसह जसेच्या तसे पेटीत ठेवावे आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवावे, एवढीच ती पद्धत होती. तिचे महत्त्व लगेच ओळखले गेले नाही. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला जे साधे वाटले ते थंड देशांतील छंदिष्टांना अव्यवहार्य वाटले असावे. पुढे १९७० व ८० च्या दशकांत जर्मनीत, विशेषतः बर्लिनमधील छंदिष्टांच्या वर्तुळात, जिवंत खडक, प्रखर दिवे आणि पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने वर काढणारे ‘प्रोटीन स्किमर’ हे उपकरण यांची सांगड घालण्यात आली. पीटर विल्केन्स यांचे लेखन आणि डीट्रिश श्ट्युबर यांनी वाढविलेले प्रवाळ यांमुळे ही ‘बर्लिन पद्धत’ प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९८६ मधील जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने छोट्या प्रवाळ-पेटीचे आकर्षण वाढविले. १९९४ मध्ये डेलबीक व स्प्रंग यांच्या ग्रंथाने बर्लिन पद्धत इंग्रजी वाचकांच्या घरात पोहोचविली.

जिवंत खडकाच्या पोटात जे असते तेच दुसऱ्या सल्ल्याचे मूळ होय. दिवसा न दिसणारे केसाळ वलयी किडे, शंखात राहणारे खेकडे, वाळूत दडणाऱ्या गोगलगायी, हे सर्व रात्री बाहेर पडतात. बोटभर लांबीचा मासा खडकाआड मेला तर सकाळी कित्येकदा काटाही सापडत नाही. मालक किड्यांना दोष देतो की त्यांनी मासा मारला. बहुतेक वेळा ते खुनी नसतात, अंत्यसंस्कार करणारे असतात. वॉरिंग्टन यांची गोगलगाय येथे शेकडोंच्या संख्येने परत आली, आणि आता तिच्या समीकरणात मेलेल्या माशालाही जागा मिळाली. ‘खडकांना हात लावू नका’ हा सल्ला या पेटीसाठी योग्यच आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. खडक उपसल्याने तळाशी साचलेला गाळ ढवळला जातो, प्रवाळ तुटतात, आणि काही झोअँथिड जातींच्या अंगी असलेले पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष माणसालाही धोका पोहोचवू शकते. हवाई बेटांवरील अशा जीवातून ते १९७१ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. पन्नास रुपयांच्या माशाचा मृतदेह शोधताना पेटीचा आणि स्वतःचाही जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

मृतदेह हाच पुरावा

मात्र मृत मासा केवळ कचरा नव्हे. तो साक्षीदारही असतो. १९२६ मध्ये जोसेफ ॲरनसन यांनी फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या सागरी माशांच्या शरीरातून मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जंतूचा नातेवाईक जीवाणू वेगळा केला. तो माणसाच्या त्वचेत शिरून चिवट गाठी निर्माण करतो, हे १९५० च्या दशकात स्वीडनमधील रुग्णांवरून स्पष्ट झाले. हातावर जखम असताना उघड्या हाताने मेलेला मासा उचलू नये, या आजच्या सूचनेमागे हा इतिहास आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२४ मध्ये नवे मत्स्यालय सुरू झाले. तेथील सागरी माशांवर आढळलेल्या परजीवीचे वर्णन १९३१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी केले. तोच आज ‘व्हेल्व्हेट’ या नावाने परिचित असलेला, काही दिवसांत अख्खी पेटी ओस पाडणारा अमायलुडिनियम. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा कारक क्रिप्टोकॅरियॉन याचे नामकरणही ब्राउन यांनीच १९५१ मध्ये केले. मेलेला मासा फेकून न देता पाहिला गेला, म्हणून ही नावे माहीत झाली.

घरगुती पेटीच्या मालकालाही याच दृष्टीने मृतदेहाकडे पाहता येते. सहज हाती येण्यासारखा असेल तर तो जाळीने वा लांब चिमट्याने काढावा आणि कल्ले, त्वचा, पोट निरखावे. ठिपके, बारीक धुळीसारखा थर, फाटलेले पर किंवा चाव्याच्या खुणा यांतून पुढील धोका कळतो. साथीचा संशय असेल तर इतर माशांना तो खाऊ देणे योग्य नाही. दिसत नसेल तर दोन-तीन दिवस अमोनिया तपासत राहावे. वाढ दिसल्यास पाण्याचा काही भाग बदलावा, सक्रिय कोळसा वापरावा आणि स्किमर जोरात चालू ठेवावा. पेटी लहान, नवी आणि मासा मोठा असेल तर मात्र शोध घेण्यावाचून गत्यंतर नाही.

कधीकधी मात्र मृतदेहावर काहीच खूण नसते. मासा नुकताच दुकानातून आणलेला असतो, आदल्या दिवशी खातही असतो. अशा मृत्यूंचे एक कारण पेटीबाहेर, हजारो किलोमीटर दूर असू शकते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळांच्या फटींत सायनाइडचे द्रावण फवारण्याची पद्धत पसरली. मासा गुंगतो, हाती लागतो, विकलाही जातो; पण त्यातील काही मासे नंतर मरतात, आणि फवारलेले प्रवाळ जागीच मरते. एडमंड गॉस यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर जे पाहिले त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती होय. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल माशाचा व्यापार १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर जोमाने सुरू झाला आणि २००७ मध्ये तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत गेला. याच्या उलट उदाहरण क्लाउनफिशचे आहे. १९७० च्या दशकापासून त्याची बंदिस्त जागेत पैदास होऊ लागली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम केंद्राने त्याचे तंत्र विकसित केले. बंदिस्त जागेत जन्मलेला मासा मेला तर समुद्रातील जागा रिकामी होत नाही.

भारतीय पेटीची स्थिती

मुंबईकरांना सागरी माशांची ओळख १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने करून दिली. घरगुती प्रवाळ-पेटीचा छंद येथे बराच उशिरा आला, आणि तो बर्लिन पद्धतीची पुस्तके घेऊनच आला. परंतु त्या पुस्तकांतील मुख्य घटक येथे कायद्याने उपलब्ध नाही. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने नियंत्रण आणले होतेच. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने भारतात प्रवाळभित्ती निर्माण करणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळही यातच येतात. समुद्रातून प्रवाळ किंवा त्याने वेढलेला खडक काढून आणणे हा गुन्हा आहे.

परिणामी येथील अनेक पेट्या कोरड्या दगडावर किंवा भाजलेल्या मातीच्या कृत्रिम खडकावर उभ्या राहतात. त्यांवर जीवाणू यथावकाश वस्ती करतात. किडे, खेकडे आणि गोगलगायी मात्र आपोआप येत नाहीत. म्हणजे दिसायला बर्लिनची, पण मेलेले खाणाऱ्यांच्या बाबतीत व्हिक्टोरियन, अशी ही पेटी असते. परदेशी पुस्तकात वाचलेला ‘राहू द्या, किडे खातील’ हा सल्ला अशा पेटीत आंधळेपणाने पाळला तर पाणी नासण्याचा धोका राहतो. त्यातच उन्हाळ्यात वीज गेली, पाण्याची हालचाल थांबली आणि तापमान चढले, तर कुजण्याचा वेग वाढतो व पाण्यातील प्राणवायू घटतो. येथे पहिलाच सल्ला बहुतेक वेळा अधिक सुरक्षित ठरतो. म्हणूनच खडकांची रचना करताना मागच्या बाजूला हात व जाळी पोहोचेल इतकी जागा मोकळी सोडणे, हा उपाय मासा मेल्यावर नव्हे, पेटी मांडतानाच योजावा लागतो.

बाहेर काढलेल्या माशाचे काय करावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तोही इतिहासाने निकालात काढलेला आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयात वाढविलेले शैवाल १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाच्या अगदी खालच्या समुद्रतळावर आढळले आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. पेटीतील पाणी, शैवाल, जिवंत वा मृत जीव खाडीत किंवा समुद्रात टाकू नयेत. कोकणात मासळीचे खत माडाच्या मुळाशी घालण्याची रीत जुनी आहे. लहान मासा त्याच रीतीने कुंडीत वा झाडाखाली खोल पुरता येतो. रोगाचा संशय असल्यास मात्र तो पिशवीत घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात द्यावा, आणि ज्या जाळीने तो काढला ती गोड्या पाण्यात धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा वापरू नये.